कूलंटचा दिवा लागला, काटा मात्र मधोमध… आता काय?

गाडी नवी, सीटवरचं प्लास्टिक कालपरवा काढलेलं, आणि एका सकाळी बटण दाबून इंजिन चालू केलं की डॅशबोर्डवर एक पिवळं चित्र येतं, पाण्याच्या लाटा आणि वर टाकीसारखं काहीतरी, सोबत मेसेज की कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, कमी आहे. पहिला विचार हाच येतो की अरे नवी गाडी आहे, इतक्यात कसं कमी झालं. आणि दुसरा विचार, जो खरा घात करतो, तो म्हणजे तापमानाचा काटा तर मधेच आहे, गाडी गरम नाही, मग चालवू अजून चार दिवस, सर्व्हिसिंगला बघू.

इथेच सगळी गल्लत होते. दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन वेगवेगळे सेन्सर आहेत. कूलंट कमी असल्याचा दिवा टाकीतली पातळी सांगतो, आणि तापमानाचा काटा किंवा लाल दिवा कूलंट किती गरम झालंय ते सांगतो. पहिला दिवा लागला म्हणजे इंजिन जळायला आलंय असं नाही, पण काटा मधे आहे म्हणून सगळं ठीक आहे असंही नाही. काही गाड्यांत तर दोन्हीसाठी जवळजवळ सारखंच चित्र असतं, फक्त रंग बदलतो नाहीतर दिवा मिचमिचतो, त्यामुळे आपल्या गाडीत कोणता दिवा कशाचा हे ओनर्स मॅन्युअलमध्ये एकदा बघून ठेवा. निळा थर्मामीटर दिसला तर घाबरू नका, तो फक्त इंजिन अजून थंड आहे एवढंच सांगतो, थोड्या वेळाने आपोआप जातो.

आता कूलंट म्हणजे काय ते थोडक्यात, कारण हे कळलं की पुढचं सगळं आपोआप कळतं. इंजिनात जळलेल्या इंधनाची ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता चाकं फिरवायला लागते, एक तृतीयांश सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि उरलेली इंजिनाच्या धातूत शिरते. आत पेटणारा गॅस २००० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो आणि आजकालच्या इंजिनाचं हेड, म्हणजे वरचा झाकणासारखा भाग, असतो अ‍ॅल्युमिनियमचं, जे ६६० अंशाला वितळतं. म्हणजे ती उष्णता कोणीतरी सतत उचलून बाहेर नेली नाही तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. ते उचलायचं काम कूलंट करतं, वॉटर पंप त्याला इंजिनात फिरवतो, ८०-९० अंशांच्या आसपास थर्मोस्टॅट नावाची झडप उघडली की ते समोरच्या जाळीदार रेडिएटरमध्ये जाऊन गार होऊन परत येतं, आणि हे असंच चालू राहतं.

कूलंट म्हणजे साधारण अर्धं पाणी आणि अर्धं ग्लायकॉल, वर गंज न चढण्यासाठी घातलेली थोडी रसायनं. हे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही. आणि सिस्टीम बंद असते, टाकीचं झाकण आत प्रेशर धरून ठेवतं, साधारण १ बार (बाहेरच्या हवेच्या दाबाइतकं जास्तीचं) किंवा थोडं जास्त, त्यामुळे उकळायचा बिंदूही वर जातो. नुसतं पाणी उघड्या भांड्यात १०० अंशाला उकळतं, तेच १ बार जास्त प्रेशरखाली १२० ला, आणि कूलंटचं मिश्रण १२५-१३० पर्यंत तग धरतं. घरातला प्रेशर कुकर आठवा, तेच. झाकण सैल झालं किंवा त्याचं रबर गेलं तर प्रेशर टिकत नाही आणि कूलंट वाफ होऊन हळूहळू उडून जातं, कुठेही थेंब दिसत नाही. झाकण म्हणजे एवढीशी वस्तू, त्यामुळे त्याच्यावर संशय सगळ्यात शेवटी घेतला जातो, खरं तर पहिला घ्यायला पाहिजे.

आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: कूलंट पेट्रोलसारखं संपत नाही. ते बंद नळ्यांत गोल गोल फिरतं. पातळी खाली गेली म्हणजे ते कुठेतरी गेलंय, एवढा साधा हिशोब आहे. टॉप-अप केलं की दिवा जातो, पण कुठे गेलं हा प्रश्न तसाच राहतो.

याला एक अपवाद आहे आणि तो नव्या गाड्यांचाच आहे. कारखान्यात कूलंट भरताना आत कुठेतरी हवेचा बुडबुडा अडकून राहू शकतो, मग काही दिवस गाडी गरम-गार झाली की ती हवा टाकीत येऊन बसते आणि तिच्या जागी कूलंट जातं, टाकीतली पातळी थोडी उतरते. रेडिएटर, होज पाईप किंवा वॉटर पंप बदलल्यावरही हेच होतं. तेव्हा नव्या गाडीत एकदा थोडं कमी झालं, भरलं, आणि पुन्हा महिनोन्महिने हललं नाही, तर विषय संपला. पण परत कमी झालं तर ती हवा नाही, ती गळती आहे, मग समोरचा माणूस कितीही आत्मविश्वासाने नव्या गाडीत असं होतंच म्हणाला तरी ऐकू नका.

आता दिवा नेमका लागतो कसा? बहुतेक गाड्यांत टाकीत एक छोटा तरंगता भाग असतो, त्यात लोहचुंबक, आणि टाकीच्या तळाशी एक छोटा स्विच. पातळी उतरली की तो भाग खाली येतो, स्विचची स्थिती बदलते आणि दिवा लागतो. काही गाड्यांत दोन धातूच्या काड्या असतात, कूलंटमधून वीज जाते तोवर ठीक, काड्या उघड्या पडल्या की दिवा. एवढीच अक्कल आहे त्याला. त्याला गळती कळत नाही, किती कमी झालंय ते कळत नाही, फक्त या रेषेच्या वर की खाली एवढंच कळतं.

यावरून दिव्याच्या वागण्याचा अर्थ लावता येतो. वळणावर किंवा ब्रेक मारला की क्षणभर लागतो आणि जातो, म्हणजे पातळी अगदी काठावर आहे आणि कूलंट टाकीत हिंदकळतंय. उतारावर गाडी लावली होती आणि तिथेच चालू केल्यावर लागला, तर आधी सपाटीवर नेऊन बघा. सकाळी गार असताना लागतो आणि चार-पाच किलोमीटर गेलं की जातो, हे तर फार जणांचं होतं आणि फार जण फसतात, वाटतं की सेन्सर नाटकं करतोय. तसं नाही. द्रव गरम झाला की फुगतो, सहा-सात लिटर कूलंट गार असतानापासून पूर्ण गरम होईपर्यंत साधारण पाव लिटरभर वाढतं. म्हणजे सकाळी खरोखर कमी असलेलं कूलंट गरम झाल्यावर फुगून रेषेच्या वर येतं आणि दिवा विझतो. कमी ते कमीच आहे.

माझ्या गाडीचं नेमकं हेच झालेलं. आठ महिन्यांची गाडी, सकाळी दिवा, नंतर गायब. सर्व्हिस सेंटरला नेली तेव्हा त्यांनी टॉप-अप केलं आणि गाडी परत दिली, जॉब कार्डवर नीट नोंद पण नाही केली, आणि मी पण विचारलं नाही, चूक माझी. तीन आठवड्यांनी परत तेच, परत टॉप-अप, या वेळी सेन्सर सेन्सिटिव्ह असतो म्हणाले. मग मी टाकीवर एक कागदी चिकटपट्टी लावली, सकाळी गार इंजिनला, त्याच जागी उभी असताना, पेनने रेघ मारली आणि तारीख लिहिली. दर रविवारी एक रेघ. चार रेघा एकाखाली एक झाल्या तेव्हा मोबाईलवर फोटो काढून नेला आणि म्हटलं प्रेशर टेस्ट करा. निघालं काय, तर इंजिनाच्या मागच्या बाजूला एका होज पाईपचा क्लॅम्प, गार असताना रबर आक्रसतं तेव्हाच तिथून पाझरायचं आणि गरम झालं की जागा आपोआप बंद. जमिनीवर एक थेंब नाही, कारण पाझरलेलं तिथेच गरम लोखंडावर वाळून जायचं, फक्त एक गुलाबी पांढरट खरपुडी राहिलेली. क्लॅम्प बदलला, पंधरा मिनिटांचं काम.

बरं, मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडी चालवताना दिवा लागला तर काय करायचं.

पातळीचा दिवा लागलाय, तापमान नॉर्मल आहे, वाफ नाही, वास नाही, तर घाबरून रस्त्याच्या मधे ब्रेक मारू नका. पुढे जी पहिली सुरक्षित जागा दिसेल तिथे बाजूला घ्या. घर इथून फक्त वीस किलोमीटर आहे हा हिशोब करू नका. कारण काट्यावर भरवसा ठेवता येत नाही, दोन कारणांनी. एक तर बऱ्याच नव्या गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर ठेवलेला असतो, काहींत ७५ पासून १०५ अंशांपर्यंत तो मधोमधच दाखवतो, लोकांना काटा हलला की धास्ती वाटते म्हणून कंपन्यांनी केलेली सोय, आणि काही गाड्यांत तर काटाच नसतो. दुसरं कारण जास्त गंभीर आहे. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तरच बरोबर मोजतो. कूलंट फारच कमी झालं आणि सेन्सर हवेत उघडा पडला, तर तो हवेचं किंवा वाफेचं तापमान मोजतो, इंजिन आतून भाजत असतं आणि काटा शांत. म्हणजे ज्या वेळी काट्याची सगळ्यात जास्त गरज असते नेमका त्याच वेळी तो खोटं बोलू शकतो. त्याच वेळी हीटर लावून बघितला आणि गरम हवेऐवजी एकदम गार हवा आली, तर समजा की कूलंट खरंच संपत आलंय.

आणि लाल दिवा लागला किंवा काटा वर चढला तर मात्र वेगळा खेळ. एसी बंद, हीटर फुल गरमवर आणि फॅन पण फुल, कारण हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आतला छोटा रेडिएटरच, तो थोडी उष्णता उचलतो, घाम फुटेल पण इंजिन वाचेल. लगेच बाजूला घ्या आणि इंजिन बंद करा. दोन-चार मिनिटं जास्त चालवली की अ‍ॅल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं सील, उडतं, मग इंजिन खोलायचं, हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला, पाठवायचं, आणि एवढ्यावर भागलं तर नशीब म्हणायचं. वॉरंटीत असली तरी दिवा लागलेला असताना गाडी चालवली हे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नोंदलेलं असू शकतं आणि मग वाद घालायला आपल्याकडे फार काही उरत नाही.

गाडी थांबवली की लगेच बॉनेट उघडून झाकणाला हात घालायचा नाही. हे मुद्दाम सांगतो कारण दरवेळी कोणीतरी हात भाजून घेतंच. आत ११०-१२० अंशांचं कूलंट फक्त प्रेशरमुळे द्रव राहिलेलं असतं, झाकण फिरवलं की प्रेशर जातं आणि ते सगळं एकदम उकळून तोंडावर येतं. निदान अर्धा तास, बरं म्हणजे तासभर थांबा. रेडिएटरचा वरचा जाड पाईप हाताला कोमट लागला आणि सहज दाबला गेला की मग जाड फडकं धरून झाकण पाव फिरवा, फुस्स आवाज पूर्ण थांबला की उघडा. आणि या काळात रेडिएटरच्या पंख्याजवळ बोटं नकोत, इंजिन बंद असलं तरी पंखा आपल्या मनाने चालू होतो.

पातळी बघायची ती गार इंजिनला, सपाट जागी, टाकीवरच्या किमान आणि कमाल रेषांच्या मधे असली पाहिजे. टाकी जुनाट पिवळी झाली असेल तर आतला डाग पण पातळीसारखा दिसतो, तेव्हा मागून टॉर्च मारा आणि गाडी जरा हलवा, हलतं ते कूलंट. टाकीत बरोबर पातळी आहे आणि तरी दिवा आहे, तर मग सेन्सर, अडकलेला तरंगता भाग किंवा सेन्सरचा कनेक्टर सैल. हे वॉरंटीचं काम आहे. वायर जोडून दिवा कायमचा विझवून देणारे हुशार लोक भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार.

कमी असेल तर काय घालायचं? मॅन्युअलमध्ये जो स्पेक, म्हणजे कूलंटचा प्रकार, लिहिलाय तोच. रंगावर जाऊ नका, रंगाला कुठलंही सर्वमान्य प्रमाण नाही, तो कंपनीने घातलेला नुसता रंग आहे, एका कंपनीचं गुलाबी आणि दुसरीचं गुलाबी यांची रसायनं पूर्ण वेगळी असू शकतात. जुन्या पद्धतीचं हिरवं कूलंट साधारण दोन वर्षांत बदलायला लागायचं, नव्या सेंद्रिय आम्लांवालं पाच वर्षं किंवा जास्त चालतं, पण दोन्ही एकत्र केली की गंज रोखायची ताकद कमी होते, आणि काही जोड्या तर एकत्र येऊन चिखलासारख्या घट्ट होतात. डब्यावर वाचा की हे तयार मिश्रण आहे की कॉन्सन्ट्रेट, म्हणजे पाणी न मिसळलेलं. कॉन्सन्ट्रेट तसंच ओतून जास्त चांगलं होईल असं वाटतं पण होतं उलटं, शुद्ध ग्लायकॉल पाण्यापेक्षा उष्णता कमी उचलतं आणि उणे १२-१३ अंशालाच गोठतं. त्यात डिस्टिल्ड वॉटर मिसळायचं, नळाचं नाही, नळाच्या पाण्यातले क्षार आत जाऊन बसतात, गिझरच्या कॉइलवर बसतात तसेच.

पण अडचणीत आहात, कूलंट मिळत नाही, तर नुसतं स्वच्छ पाणी चालेल का? चालेल, कोरडं इंजिन पळवण्यापेक्षा हजार पटीने बरं, फक्त इंजिन गार झाल्यावर घाला, तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलं तर धातूला तडा जाऊ शकतो. आणि नंतर मिश्रणाचं प्रमाण तपासून घ्या. कमाल रेषेच्या वर भरू नका, फुगायला जागा लागते, नाहीतर जास्तीचं झाकणातून बाहेर येतं आणि आपण नसलेली गळती शोधत बसतो. किती मिली घातलं ते लिहून ठेवा, हा आकडा मेकॅनिकला दहा वाक्यांपेक्षा जास्त सांगतो.

टाकी पूर्ण कोरडी सापडली तर मात्र भरून निघू नका, टो करून न्या. एवढं रिकामं झालं म्हणजे आत हवा भरलीये, आणि नव्या गाड्यांत ती नुसतं झाकण उघडं ठेवून निघत नाही, काहींत व्हॅक्यूमने भरावं लागतं, काहींत इलेक्ट्रिक पंप स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं यंत्र) लावून चालवावा लागतो.

गळती शोधताना थोडी हेरगिरी आपणही करू शकतो. गाडीखाली स्वच्छ, बिनवासाचं, पातळ पाणी पडलंय तर ते एसीचं, सोडून द्या. चिकट, रंगीत, गोडसर वासाचं असेल तर कूलंट. गाडीच्या आतच गोड वास, समोरची काच आतून तेलकट धूसर होते, पायाखालचं कार्पेट ओलं, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतोय. बाहेर काहीच नाही आणि पातळी उतरतेच आहे, सायलेन्सरमधून इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाचा दाट पांढरा धूर, टाकीत बुडबुडे, किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर, तर कूलंट इंजिनाच्या आत जातंय. पण नुसता दुधाळ थर दिसला म्हणून लगेच छातीत धस्स होऊ देऊ नका, गाडी रोज फक्त दोन-तीन किलोमीटर चालत असेल तर थंडीत ओलाव्याने पण तसा थर येतो.

सर्व्हिस सेंटरला मागायचं ते प्रेशर टेस्ट. हातपंपासारखं यंत्र टाकीला लावून झाकणावर लिहिलंय तेवढं प्रेशर भरतात आणि पंधरा-वीस मिनिटं काटा उतरतो का बघतात, गार इंजिनला पण करायला सांगा. त्याने नाही सापडलं तर कूलंटमध्ये चमकणारा रंग घालून यूव्ही दिव्याने बघतात. हेड गॅस्केटचा संशय असेल तर टाकीच्या तोंडावर एक निळं द्रव धरतात, जळलेला गॅस आला की ते पिवळं होतं. हे सगळं जॉब कार्डवर लिहून घ्या, तक्रार काय, किती मिली भरलं, किती किलोमीटर झाले होते, सगळं. दुकानात मिळणारी गळती बंद करायची पावडर नव्या गाडीत घालू नका, ती बारीक नळ्या पण बंद करते.

सांडलेलं कूलंट लगेच भरपूर पाण्याने धुऊन पुसून टाका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्री-मांजरं चाटतात आणि थोड्याशानेही त्यांची किडनी जाते. उरलेला कॅन लहान मुलांच्या हाताला लागेल असा ठेवू नका, आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत तर कधीच भरून ठेवू नका.

गाडी हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक असेल तर वरचं अर्धं लागू होतं. इंजिन नसलं तरी कूलंट असतं, बॅटरी, मोटर आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा भाग) गार ठेवायला, आणि हायब्रिडमध्ये बऱ्याचदा दोन वेगळ्या टाक्या असतात, दिवा कोणत्या टाकीचा आहे ते मेसेज नीट वाचल्याशिवाय कळत नाही. काही गाड्यांत बॅटरीसाठी वीज कमी वाहणारं खास कूलंट लागतं, त्यात दुसरं काही मिसळलं तर इन्सुलेशनचा प्रॉब्लेम उभा राहतो आणि तिथे जवळच नारिंगी हाय व्होल्टेज केबल्स असतात. अशा टाकीचं झाकण आपण उघडायचंच नाही, फोटो काढायचा आणि सर्व्हिस सेंटरला फोन करायचा.